तांब्याला टेकलेलं व्याकरण

आमचा यशवंत जेवताना पुस्तक वाचायचा. नुसतं हातात धरून नव्हे. पाण्याचा तांब्या पुढ्यात ओढायचा, त्याला पुस्तक टेकवायचा आणि त्यात डोळे घालून भाकरी मोडत राहायचा. तांब्या उचलला की पुस्तक पडणार, म्हणून पाणी प्यायचा नाही. ठसका लागला तर तो तसाच गिळायचा. ठसक्याची एवढी गळचेपी मी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिली नाही.

आता मी दुसरीपर्यंत शिकलेली बाई. पोथी बोटानं लावून वाचते, सहीला आंगठा पुढं करत नाही. पुस्तकाशी माझं काही वैर नाही. पण कंपनीत लागल्यापासून पोरगा एक तर शिफ्टला तरी असायचा, नाहीतर शिफ्ट करून आला म्हणून झोपलेला तरी. त्याचे वडील गेलेले, लेक सासरी दिलेली. सून इंदू गुणाची आहे, पण तिला एक प्रश्न विचारला तर अर्धंच उत्तर येतं. म्हणजे पोरगा डोळे उघडे ठेवून माझ्यासमोर बसायचा तो जेवायलाच. तेवढाच माझा वाटा. त्यात हे पुस्तक येऊन बसलं.

मी म्हणायची, "आज म्हशीनं दूध चोरलं."

"हूं."

"गोठ्याचं छप्पर गळतंय."

"हूं."

एकदा म्हटलं बघू तरी, आणि सरळ सांगितलं, "यशवंता, काल मी मेले बरं का."

"हूं," म्हणाला, "जरा आमटी वाढ."

पुस्तक इंग्रजी व्याकरणाचं होतं. यशवंत कंपनीच्या गोदामात पिंपं हलवायचा. टाइमकीपरची जागा निघाली होती, म्हणजे खुर्ची, टेबल आणि हाताला फोड नाही. पण त्याला परीक्षा होती, आणि परीक्षेत इंग्रजी. बाकी सगळं त्याला यायचं. एका प्रश्नात मात्र तो दरवेळी बुडायचा: दिलेल्या वाक्यातली फ्रेज कुठली आणि क्लॉज कुठलं ते ओळखा. मागच्या खेपेला त्यानं सगळ्याच वाक्यांना फ्रेज म्हणून टाकलं, म्हणाला, एखादी तरी लागंल. एकही लागली नाही.

माझा हिशेब साधा होता. पोरगा पास झाला की पुस्तक जाईल. पुस्तक गेलं की तांब्या रिकामा होईल, आणि पोरगा जेवताना माझ्याशी बोलेल. तेव्हा त्याला पास करायचा विडा मी उचलला.

सल्ल्याला आमच्या चिंचवडच्या आळीत तोटा नाही. चिमाजी दिवसभर पारावर बसतो. तो म्हणाला, पोराला भिजवलेले बदाम द्या. बदाम कुठून आणायचे ते नाही म्हणाला. ताजुन्निसाचं जरा अकलेचं असतं. तिची आणि माझी भिंत एक, फोडणी कुणाकडंही पडो, ठसका दोघींना. तिचा नवरा लालमहंमद मुंबई रस्त्याला मोटारी दुरुस्त करतो. ती म्हणाली, "गोजाबाई, शिकवणी लावा."

"शिकवणी कशाला लावू? घरात मास्तर हाय की. आमचे जावई."

माझी विमल चाकणजवळ निघोज्याला दिली आहे. जावई आबाजीराव शाळामास्तर, इंग्रजी घेऊन पास झालेले. असा जावई असताना परक्या मास्तराला घरात घ्यायचं म्हणजे गावाला हसायला जागा.

ताजुन्निसानं सुपारी कातरायची थांबवली. "बघा बाई. मास्तर चुकला तर मास्तरला सांगता येतं. झोपला तर उठवता येतं. जावयाला कोण उठवणार?"

मी म्हटलं, "आमचे जावई तसे न्हाईत."

ह्या वाक्यात कर्ता आणि क्रियापद दोन्ही होतं. अक्कल तेवढी नव्हती.

तर रविवार ठरला. शनिवारी संध्याकाळी जावई विमलला घेऊन यायचे, सोमवारी पहाटे शाळेसाठी परत. जावई म्हटल्यावर कोंबडी आली, तुपाची धार आली, पाटाभोवती रांगोळी आली. आमच्यात ताटाभोवती रांगोळी घरच्या माणसाला काढत नाहीत, ती पाहुण्याला. इंदूनं पहिल्या रविवारी यशवंताच्या ताटाभोवतीही एक वेल ओढली, तेव्हा मी पुसायला लावली. घरच्या माणसाला कसली आलीय रांगोळी.

शिकवणीच्या आधी जेवण. पाहुण्याला उपाशी ठेवून शिकवायला कसं लावायचं? आणि कोंबडीवर, तुपावर, वर पुन्हा दुधावर माणूस काय शिकवणार? आबाजीराव भिंतीला टेकायचे, "हं, तर यशवंतराव, क्लॉज म्हणजे," एवढं म्हणायचे आणि घोरायला लागायचे. जावयाला उठवायचं कुणी? यशवंत समोर पुस्तक उघडून बसायचा. विमल माश्या हाकायची. मी म्हशीच्या गळ्यातल्या घंटेत चिंधी कोंबून ठेवली. सगळं घर त्या एका घोरण्याभोवती हात जोडल्यासारखं बसायचं.

पण खरं सांगू का, मला बरं वाटायचं. विमल चुलीपुढं, इंदू तिच्याशी खुसखुस, ताजुन्निसा भिंतीपलीकडून विचारते, "उठले का मास्तर?" पाट कमी पडायचे, ताजुन्निसाकडून आणावे लागायचे. किती दिवसांत आमच्या घरात पाट कमी पडले नव्हते.

उठल्यावर मात्र मास्तर शिकवायचे. मी जावयासमोर जात नाही, माजघराच्या दाराआड बसायची. बोलायचं झालं तर इंदूच्या तोंडून. तिथून मी जे ऐकलं ते असं, की शब्दांचा नुसता घोळका, ज्यात कर्ता नाही नि क्रियापद नाही, ती फ्रेज. कर्ता, क्रियापद आलं की क्लॉज. त्यातही जे आपल्या पायावर एकटं उभं राहतं ते मुख्य, आणि ज्याला दुसऱ्याला टेकावं लागतं ते गौण.

मला दाराआडून कळलं, पोराला समोर बसून कळेना. अहो, त्यात अवघड काय? पारावर चिमाजी बसतो आणि म्हणतो, "काय ते दिवस, काय ती माणसं, काय ते बैल." दिवसभर हेच. करणारा कुणी नाही, केलेलं काही नाही. ही फ्रेज. आणि आमची इंदू म्हणते, "जर तुम्ही म्हणत असाल तर," आणि गप्प बसते. हे गौण. मला विचाराल तर मला मुख्यच असायची सवय.

अडचण आली ती जावयांच्या उदाहरणांनी. ते आधी इंग्रजीत सांगायचे, मग मराठीत उलगडायचे. पहिलं उदाहरण होतं, "ज्याच्या मनगटावर घड्याळ असतं, त्याला लोक मान देतात." मी म्हटलं, असेल. पुढच्या रविवारी, "सासूबाईंनी जी कोंबडी रांधली, ती अळणी होती." मी दाराआड ताठ झाले. त्याच्या पुढच्या रविवारी मी मीठ सढळ टाकलं. त्यावर उदाहरण आलं, "जेव्हा रस्सा खारट होतो, तेव्हा पाहुणा पाणी पीत बसतो." यशवंत मान खाली घालून हे सगळं पाटीवर उतरून घेत होता. आमच्या घराची अब्रू इंग्रजीतून लिहिली जात होती आणि पोरगा विचारत होता, "भाऊजी, ह्यात 'पाणी पीत' ही फ्रेज का?"

परीक्षा जवळ आली. त्या रविवारी मी पुरण घातलं होतं, रात्रीच्या जेवणाला. आबाजीराव दुपारचे भरपूर घोरून उठले, पाठ चोळली आणि म्हणाले, "घ्या. 'जरी या घरची गादी पातळ आहे, तरी मी तिच्यावर झोपतो.'"

माणसानं किती ऐकावं? मी दाराआडून म्हटलं, चांगलं खणखणीत म्हटलं, "इंदू, मास्तरांना म्हणावं माझं बी एक वाक्य तपासा. 'ज्या जावयाला आमची गादी पातळ वाटते, त्यानं जेवण झाल्यावर शिकवावं, घोरू नये.' इचार, ह्यात क्लॉज किती?"

विमलच्या हातातला पंखा थांबला. आणि आमचा यशवंत, ज्याला इतक्या दिवसांत एक उत्तर धड आलं नव्हतं, तो पाटीवरून मान न उचलता म्हणाला, "'ज्या जावयाला' ते 'वाटते' हे गौण. 'शिकवावं' आन 'घोरू नये' ही दोन मुख्य. 'जेवण झाल्यावर' ही नुसती फ्रेज."

बरोबर होतं. त्याचं पहिलं बरोबर उत्तर. कुणी शाबास म्हणालं नाही.

आबाजीराव उठले. टोपी घातली, छत्री घेतली, विमलला म्हणाले, "चल." पुरण चुलीवर शिजत होतं. जावई पुरण सोडून दारातून बाहेर पडला, हे सगळ्या आळीनं पाहिलं. ताजुन्निसानं भिंतीपलीकडून विचारलं, "उठले का मास्तर?"

मी म्हटलं, "उठले."

आता दुसरा मास्तर लावावा, तर जावयाचा रुसवा कायमचा झाला असता आणि तो विमलला भोगावा लागला असता. न लावावा, तर पोरगा अर्धवट शिकलेला. मी म्हटलं, मुळावरच जाऊ. कंपनीच्या साहेबाला सांगू की बाबा, बाकी सगळं विचार, तेवढा एक प्रश्न काढून टाक. त्याचं काय अडणार आहे?

लुगडं बदलून मी पिंपरीला, कंपनीवर गेले. फाटकावर रखवालदार. "बाई, आत जायला पास लागतो."

"कसला पास? तू उभा हायेस तिथं आमचा उकिरडा होता. ह्या जागेला शेण घालून घालून माझे हात झिजले."

त्यानं पायाखाली पाहिलं, जरा बाजूला सरकला आणि म्हणाला, "असंल बाई. पर पास लागतो."

तिथली जमीन सरकारनं कंपनीसाठी घेतली, त्यात आमचीही गेली. मी त्याबद्दल कधी रडले नाही. पण आपल्या उकिरड्यावर आपल्याला अडवलं की माणसाला जरा लागतं. मी तिथंच फाटकाच्या दगडावर बसून राहिले. शेवटी एक गोरासा बाबू आला, पुण्याकडचा. मला आजी म्हणाला. मी तेही ऐकून घेतलं.

"आजी, प्रश्न मुंबईहून येतात. इथं कुणालाच काढता येत नाहीत. अहो, साहेबांनाही येत नाहीत."

"साहेबाला फ्रेज आन क्लॉज येतं का?"

बाबूनं इकडंतिकडं पाहिलं. "ते मी सांगू शकत नाही. पण तुम्ही काळजी करू नका. मुलगा पास झाला की त्याला कॉलनीत क्वार्टर मिळेल. दोन खोल्या, नळ, वीज. टाइमकीपरला भोंग्याच्या आधी हजर व्हावं लागतं ना, त्यामुळे इथंच राहावं लागतं. तो सक्तीचाच नियम आहे."

"इथं म्हंजी कुठं?"

त्यानं बोट दाखवलं. आमच्या जुन्या विहिरीच्या पलीकडं नव्या भिंती उभ्या होत्या, अजून चुना न लावलेल्या. तिथं आमचं जोंधळ्याचं वावर होतं.

"तुम्हीही राहायला या की," बाबू म्हणाला.

माझ्याच वावरात मी पाव्हणी म्हणून जाऊन राहू? पण त्याचा काय दोष. मी चिंचवडपर्यंत चालत आले, आणि वाटेत कोण कोण भेटलं ते मला आठवत नाही.

ताजुन्निसाला सगळं सांगितलं. तिनं कातरलेली सुपारी माझ्या हातावर ठेवली. मग म्हणाली, "गोजाबाई, बुरा मानू नका. जावई रुसलाय तर रुसू दे. परीक्षा होऊन जाईल, पोरगा घरात राहील. तुम्ही काही वाईट केलं असं नाही. तुम्ही नुसतं काही केलं नाही."

तो विचार माझ्याही मनात येऊन गेला, नाही म्हणत नाही.

त्या संध्याकाळी यशवंत जेवायला बसला. तांब्याला पुस्तक टेकवलं, पण पान काही उलटेना. एकाच ओळीवर बोट फिरत होतं, त्या बोटाला पिंपाच्या कडेनं चीर पडलेली, तिच्यात हळद भरलेली. मग त्यानं पुस्तक मिटलं आणि पाटाखाली सरकवलं.

"ह्या खेपेला न्हाई जमायचं, आई," तो म्हणाला. तांब्या उचलून घटाघटा पाणी प्याला. "म्हशीचं काय म्हनत व्हतीस?"

इतके महिने जे मी मागत होते ते माझ्या पुढ्यात आलं. पोरगा माझ्याकडं बघत होता, माझ्या बोलायची वाट बघत होता. मी म्हशीचं सांगितलं. छपराचं सांगितलं. तो "व्हय का," "मग काय केलंस," असं सगळं नीट विचारत होता, दमलेला माणूस विचारतो तसं. आणि माझं लक्ष त्या पाटाखालच्या पुस्तकाकडंच जात होतं.

सकाळी मी भिंतीवर थाप मारली. "ताजुन्निसा, नापास पोरगा घरात ठेवून मी काय करू? त्याच्या तोंडाकडं बघून रोज मला माझंच काम दिसंल. लालमहंमद चाकणला कधी जातोय?"

लालमहंमदनं एका कांदेवाल्याचा ट्रक दुरुस्त केला होता आणि तो चाकणला पोचवायचा होता. जावयासाठी मी एक जिवंत कोंबडी घेतली, पाय बांधून मांडीवर धरली आणि लालमहंमदच्या शेजारी जाऊन बसले. ट्रक मोशीच्या पुढं चढावर उभा राहिला. लालमहंमद खाली उतरला, आत डोकं घातलं, बाहेर काढलं.

"गाडी दुरुस्त तर केली होती, वहिनी."

"दुरुस्त केली ती उभी कशी राहिली, हे एकदा आमच्या मास्तरांना इचारीन."

तो वर बघून हसला आणि त्याच्या हातून कसलासा मोठा आवाज झाला. कोंबडी दचकली, पायाची चिंधी सुटली आणि ती थेट रानात. बाजाराला निघालेल्या गाड्या थांबल्या. चिंचवडच्या मोठ्या घराण्यातली बाई पदर खोचून जोंधळ्यात कोंबडीमागं पळतेय, हे बघायला माणसं गाडीत उभी राहिली. एक म्हातारा "डावीकडून या, डावीकडून," असं सांगत होता. मी डावीकडून गेले. कोंबडी उजवीकडून आली आणि आपण होऊन ट्रकमध्ये चढली. तिलाही निघोज्यालाच जायचं असावं.

निघोज्याला पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. जीभ टाळ्याला चिकटलेली. जावयांनी शाळेला सुट्टी होती म्हणून ओट्यावर खाट टाकली होती, मला पाहून कूस बदलली. मी पदर पुढं ओढून ओट्याच्या कडेला टेकले. विमल आतून धावत आली. नेहमीसारखा पाण्याचा तांब्या माझ्यापुढं ठेवला, आणि नेहमीसारखा मी तो बोटानं जरा मागं सारला.

लेकीला मूल होईपर्यंत आईनं तिच्या घरचं पाणी घ्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. विमलच्या लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल अजून नव्हतं. मी तिच्याकडं जायची, ओट्यावर बसायची आणि कोरड्या घशानं परत यायची.

"विमल," आबाजीराव भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "तुझ्या आईला विचार, कशाला आल्या."

"विमल, त्यांना म्हनावं, शिकवनी पुरी करा. पोराची परीक्षा तोंडावर आलीय."

"विमल, त्यांना सांग. ज्या घरात मास्तराची विद्या चालते, पण मास्तराच्या घरचं पाणी चालत नाही, त्या घरात मास्तर येत नाही."

सवयीनं मी क्लॉज मोजायला लागले आणि अर्ध्यात थांबले. आबाजीराव खाटेवर उठून बसले होते, आणि आता ते विमलशी बोलत नव्हते.

"मामी, मी कोंबडीवरून रुसलो असं वाटतं का तुम्हाला? गादीवरून? तुम्ही दरवेळी येता, तांब्या मागं सारता. समोरच्या ओट्यावर गाव बसलेलं असतं. त्यांना दुसरं काही सांगावं लागत नाही. आणि तुम्ही गेलात की ही आत जाऊन पीठ मळायला घेते. भाकरी झालेल्या असतात, तरी मळत बसते."

मी विमलकडं पाहिलं. ती कोंबडीकडं बघत होती. समोरच्या ओट्यावर खरंच माणसं होती, पानाला चुना लावत.

रीत वाईट असं मी म्हणणार नाही. माझ्या आईनं पाळली, सासूनं पाळली. पण रीत माझी होती आणि घसाही माझा होता. मी तांब्या उचलला. ओट्यावरच्या लोकांना नीट दिसावं म्हणून जरा उंच धरला आणि वरून तोंडात धार धरून सगळा रिकामा केला. पाणी विहिरीचं होतं, गार.

"विमल," मी म्हटलं, "अजून एक आण."

तिनं तांब्या घेतला, पण जागची हलली नाही. मग गेली. आबाजीराव खाटेखाली वाकून टोपी शोधायला लागले. टोपी डोक्यावरच होती.

कोंबडी तिथंच शिजली आणि मीही जेवले. अळणी होती. मी एक शब्द बोलले नाही.

आबाजीरावांनी शाळेत रजा टाकली आणि आमच्याकडं येऊन राहिले. आल्या आल्या इंदूला म्हणाले, "माझ्या ताटाभोवती रांगोळी काढू नका. मी मास्तर म्हणून आलोय." आधी शिकवायचे, मग जेवायचे. यशवंत चुकला की फूटपट्टी बसायची, बायकोच्या देखत. उदाहरणंही बदलली. "जेव्हा भोंगा वाजतो, तेव्हा कामगार आत येतात." यात कुणाचा अपमान नव्हता, त्यामुळे मला जरा रुक्ष वाटलं.

यशवंत पास झाला. पेढे वाटले, पारावर चिमाजी म्हणाला, "काय ते बदाम." मी सोडून दिलं.

क्वार्टरची किल्ली आली. लालमहंमदनं कांदेवाल्याचा ट्रक मागून आणला, त्यात पेट्या चढल्या, आणि या खेपेला ट्रक कुठंही थांबला नाही. इंदू पाया पडली आणि पहिल्यांदाच पुरं वाक्य बोलली. "आत्याबाई, तुम्ही बी चला ना आमच्यासंगं, नळाला दिवसभर पानी असतंय." यशवंतही म्हणाला, बराच वेळ म्हणाला. मी म्हटलं, म्हशीला नळाचं पाणी आवडत नाही.

विमल आणि आबाजीराव त्यांच्या घरी, यशवंत आणि इंदू त्यांच्या. ताजुन्निसाचे पाट मी परत दिले. घर पुसून काढलं, मग पुसलेलं घर बघत बसले. मास्तर म्हणाले होते, मुख्य क्लॉज आपल्या पायावर एकटं उभं राहतं. राहतं, त्यात काही खोटं नाही. पण उभं राहून दिवसभर करतं काय, ते त्यांनी शिकवलं नव्हतं.

यशवंताचं व्याकरण इथंच राहिलं होतं, पाटाखाली. आता त्याला त्याचं काम नव्हतं. एका संध्याकाळी मी ते काढलं, तांब्याला टेकवलं आणि समोर बसून जेवले. इंग्रजी वाचता कुठं येतंय. पण समोर काहीतरी असलं की घास मोजून खाल्ल्यासारखा वाटत नाही. "आज म्हशीनं दूध चोरलं," मी त्याला सांगितलं. ते "हूं" सुद्धा म्हणालं नाही. त्या मानानं यशवंत बरा होता.

भिंतीपलीकडून ताजुन्निसानं विचारलं, "कोण आलंय, गोजाबाई?"

"कुनी न्हाई," मी म्हटलं. थोड्या वेळानं ती वाटीत खिमा घेऊन आली आणि मी जेवीपर्यंत बसून राहिली.

मग एका रविवारी यशवंत आला. धुतलेला सदरा, खिशाला पेन. दोन्ही हात मोकळे. मी कोंबडी केली होती, मीठ दोनदा चाखून पाहिलं होतं. तो हातपाय धुऊन आत आला आणि पाटापाशी थबकला. पाटाभोवती मी सकाळीच रांगोळी काढली होती, चांगली वेलबुट्टीची, कोपऱ्यात कोयऱ्या घातलेली.

"आई, हे काय? मी काय पाव्हना हाय का?"

"बस."

तो बसला. रांगोळीला पाय लागू नये म्हणून अंग चोरून बसला. तांब्याला टेकलेलं पुस्तक त्यानं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि हळूच ते उचलून बाजूला ठेवलं. मी भाकरी वाढली, रस्सा वाढला, तुपाची वाटी ताटाकडं सरकवली आणि त्याच्यासमोर बसले.

"जेवून जो आपल्या घरी जातो, त्यो पाव्हना," मी म्हटलं. "घरचा व्हतास तवा जेवताना बोलला न्हाईस. आता पाव्हना झालास, आता तरी बोल."